शेतीकामाच्या नियोजनात श्रमतासांच्या आलेखाचे स्थान : पिंपळवंडी (ता. जुन्नर) परिसरातील रब्बी कांद्याच्या संदर्भात

सारांश

प्रकल्प व्यवस्थापनासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणक प्रणालीत प्रत्येक कामाला लागणारे श्रमतास नोंदविता येतात व त्यांचा आठवडावार आलेख काढता येतो. बांधकाम व कारखानदारीत रूढ असलेले हे तंत्र शेतीसाठीही उपयोगी पडू शकते. जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडी परिसरात घेतल्या जाणाऱ्या रब्बी कांद्याच्या गणिती उदाहरणावरून ही पद्धती प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहे. हंगामातील एकूण श्रमतास पुरेसे दिसत असतानाही ठरावीक आठवड्यांत मजुरांची तीव्र टंचाई निर्माण होते आणि उरलेल्या आठवड्यांत मजुरांना कामच नसते, ही बाब आलेखातून स्पष्ट होते. ग्रामीण रोजगार हमीच्या कामांचे वेळापत्रक ठरविताना या आलेखाचा काय उपयोग होऊ शकतो, याचाही विचार लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : श्रमतास, आठवडावार आलेख, उपलब्ध क्षमता, कामाची टप्प्याटप्प्याने आखणी, रब्बी कांदा, रोजगार हमी.

१. प्रस्तावना

पिंपळवंडी हे गाव जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, पुणे–नाशिक महामार्गालगत, नारायणगाव व आळेफाटा यांच्या दरम्यान वसलेले आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पामुळे या पट्ट्यात बागायती शेती विस्तारली. ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे व भाजीपाला ही येथील प्रमुख पिके होत. त्यांपैकी कांद्याच्या लागवडीचे व काढणीचे काम आजही मुख्यतः हातांनीच होते आणि त्यातील मोठा वाटा स्त्रियांचा असतो.

तालुक्याचा पश्चिम भाग मात्र वेगळा आहे. तेथे सह्याद्रीच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर भात घेतला जातो. महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती असलेल्या या गावांतील अनेक कुटुंबे भातकापणी आटोपल्यावर पूर्वेकडील बागायती गावांत मजुरीसाठी येतात. त्यामुळे पूर्व भागातील कांद्याचे वेळापत्रक आणि पश्चिम भागातील कुटुंबांचे वर्षभराचे अर्थकारण एकमेकांत गुंतलेले आहे.

‘मजूर मिळत नाहीत’ ही शेतकऱ्याची आणि ‘काम मिळत नाही’ ही मजुराची तक्रार एकाच तालुक्यात, एकाच हंगामात ऐकू येते. वरवर पाहता या दोन्ही तक्रारी परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात दोन्ही खऱ्या असू शकतात. हे कसे घडते, ते श्रमतासांच्या आलेखातून दाखविता येते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) प्रकल्प व्यवस्थापन प्रणालीत श्रमतासांची नोंद कशी करावी व तिचा आलेख कसा तयार करावा, हे स्पष्ट करणे.
२) या प्रक्रियेत होणाऱ्या सामान्य चुका निदर्शनास आणणे.
३) रब्बी कांद्याच्या उदाहरणातून आलेखाचे वाचन करणे.
४) रोजगार हमीच्या कामांच्या नियोजनाशी या आलेखाचा संबंध तपासणे.

३. संकल्पना व पूर्वपीठिका

एका व्यक्तीने एक तास केलेले काम म्हणजे एक श्रमतास. व्यवहारात त्यासाठी ‘मनुष्यतास’ हा शब्दही वापरला जातो. एखाद्या कामाचे श्रमतास आणि त्या कामाचा कालावधी या दोन भिन्न गोष्टी आहेत. १६८ श्रमतासांचे काम रोज ७ तास करणाऱ्या १२ स्त्रिया २ दिवसांत पूर्ण करतील. ६ स्त्रियांना त्याच कामासाठी ४ दिवस लागतील. श्रमतास तेच राहतात, कालावधी बदलतो.

कामाचे वेळापत्रक आडव्या पट्ट्यांच्या रूपात मांडण्याची पद्धत हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने १९१० च्या दशकात रूढ केली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कामांच्या परस्परावलंबनावर आधारित जाळे-पद्धती पुढे आल्या. वैयक्तिक संगणकाच्या प्रसारानंतर या दोन्ही पद्धती संगणक प्रणालीत एकत्र आल्या. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये आली. गँटप्रोजेक्टसारख्या विनामूल्य प्रणाली २००३ नंतर उपलब्ध झाल्या. पट्ट्यांचा तक्ता ‘कोणते काम केव्हा’ हे सांगतो. ‘त्या आठवड्यात एकूण किती हात लागतील’ हे तो सांगत नाही. त्यासाठी श्रमतासांचा आलेख आवश्यक ठरतो.

४. आलेख तयार करण्याची पद्धती

४.१ कामांची यादी : प्रथम पिकाची सर्व कामे क्रमाने लिहावीत. रब्बी कांद्यात रोपवाटिका, जमिनीची मशागत, वाफे तयार करणे, रोपांची लागवड, खुरपणी, पाणी व खते देणे, काढणी, पात कापणे, प्रतवारी आणि चाळीत साठवण ही कामे येतात. रोपे साधारणतः सात ते आठ आठवड्यांची झाल्यावर लागवडीस योग्य होतात. म्हणून रोपवाटिका व लागवड यांची जोडणी प्रणालीत सात आठवड्यांच्या अंतराने करावी. ही जोडणी केल्यास लागवडीची तारीख बदलताच पेरणीची तारीखही तपासावी लागते.

४.२ कामाची दिनदर्शिका : या टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये मुळात दिवसाला ८ तास व आठवड्याला ४० तास गृहीत धरलेले असतात. ही कार्यालयीन दिनदर्शिका आहे. सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत जेवणाचा एक तास वगळता कामाचे ७ तास होतात आणि आठवडे बाजाराचा दिवस सोडून सहा दिवस काम मानल्यास आठवड्याचे ४२ तास भरतात. दिनदर्शिकेतील वेळ बदलणे आणि ‘एक दिवस म्हणजे किती तास’ हे रूपांतर बदलणे या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. पहिली बदलून दुसरी तशीच ठेवल्यास ‘२४ दिवस’ असे लिहिलेले काम १६८ ऐवजी १९२ तासांचे धरले जाते. दहा एकरांत ही चूक २४० तासांची होते.

जुन्नरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर असल्याने पहाटे व संधिकाळी शेतात थांबणे टाळले जाते. एप्रिलमधील ऊन चुकविण्यासाठी काम भल्या पहाटे सुरू करण्याचा पर्याय त्यामुळे मर्यादित होतो. अशा स्थानिक बाबी दिनदर्शिकेत उतरल्या नाहीत, तर पुढील सर्व गणित कागदावरच राहते.

४.३ मजुरांची नोंद : उपलब्ध मजुरांची कमाल संख्या प्रणालीत भरावी. बारा जणींची टोळी असल्यास कमाल क्षमता १२०० टक्के अशी दिसते. तिचा अर्थ बारा पूर्णवेळ व्यक्ती असा होतो. घरच्या माणसांची, विशेषतः घरातील स्त्रियांची नोंदही स्वतंत्रपणे करावी. त्यांच्यापुढे मजुरीचा दर शून्य लिहिला, तरी तास शून्य लिहू नयेत. घरचे श्रम हिशेबाबाहेर ठेवल्यास पीक स्वस्तात आल्याचा भास होतो.

काम उक्ते दिलेले असल्यास मजुरी एकरावर ठरते व तासांची नोंद राहत नाही. अशा वेळी टोळीतील माणसे, दिवस आणि पूर्ण झालेले क्षेत्र यांवरून एकरी श्रमतास काढून घ्यावेत.

४.४ आठवडावार तास व आलेख : प्रणालीतील ‘रिसोर्स युसेज’ या दृश्यात प्रत्येक मजूरगटाचे तास कालखंडानुसार दिसतात. कालखंड आठवड्याचा निवडून ते आकडे स्प्रेडशीटमध्ये घ्यावेत. आकड्याला तासाचे अक्षर चिकटून आल्यास स्प्रेडशीट त्याला संख्या न मानता मजकूर मानते व बेरीज चुकते. म्हणून ते अक्षर प्रथम काढावे. काम नसलेल्या आठवड्याचा रकाना रिकामा न ठेवता तेथे शून्य लिहावे. नंतर प्रत्येक आठवड्यासाठी एक उभा स्तंभ काढून त्यावर उपलब्ध क्षमतेची आडवी रेषा आखावी. स्तंभ रेषेच्या वर गेला तर तेवढी टंचाई; रेषेखालील मोकळी जागा म्हणजे तेवढे रिकामे हात.

५. रब्बी कांद्याचे उदाहरण

पाच शेतकरी कुटुंबांचे मिळून दहा एकर कांद्याचे क्षेत्र आहे, असे मानू. पुढील एकरी श्रमदिन स्पष्टीकरणासाठी गृहीत धरलेले आहेत. जमीन, वाण व कामाची पद्धत यांनुसार ते बदलतील. १५ सेंटिमीटर × १० सेंटिमीटर अंतरावर लागवड केल्यास एका हेक्टरमध्ये सुमारे ६ लाख ६७ हजार रोपे बसतात; म्हणजे पाट-बांध न वगळता एकरी सुमारे २ लाख ७० हजार. यातील प्रत्येक रोप हाताने लावले जाते, हे लक्षात घेतल्यास पुढील आकड्यांचा अंदाज येईल.

तक्ता क्र. १ : दहा एकरांसाठी गृहीत श्रमतास (दिवसाचे ७ तास)

लागवड : एकरी २४ श्रमदिन, एकूण १,६८० तास
खुरपणी : एकरी १२ श्रमदिन, एकूण ८४० तास
काढणी, पात कापणे, प्रतवारी व वाहतूक : एकरी ३० श्रमदिन, एकूण २,१०० तास
एकूण : ४,६२० तास

पाणी, खते व फवारणी ही कामे घरची माणसे करतात, असे धरून ती येथे वगळली आहेत. टोळी बारा जणींची आहे. तिची आठवड्याची क्षमता १२ × ४२ = ५०४ तास होते. हंगाम १५ डिसेंबर ते ३ मे असा वीस आठवड्यांचा धरला आहे.

एकूण तासांना आठवड्यांनी भागल्यास सरासरी २३१ तास येते. ही सरासरी क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी आहे. केवळ बेरीज पाहणाऱ्याला टोळी गरजेपेक्षा मोठी वाटेल.

५.१ पहिला बेत : पाचही कुटुंबांनी एकाच सुमारास रोपे टाकली, म्हणून लागवड पहिल्या दोन आठवड्यांत आली. त्या दोन आठवड्यांत प्रत्येकी ८४० तास लागतात. म्हणजे बाराऐवजी वीस जणी हव्यात. खुरपणी सहाव्या व सातव्या आठवड्यात प्रत्येकी ४२० तासांची असून ती क्षमतेत बसते. काढणी सतराव्या व अठराव्या आठवड्यात येते व प्रत्येक आठवड्याला १,०५० तास मागते; म्हणजे पंचवीस जणी. गावातील इतर शेतकऱ्यांचीही हीच घाई असल्यामुळे जादा मजूर मिळणे कठीण होते. लागवड लांबल्यास रोपे वाफ्यात जून होतात. काढणी लांबल्यास वळवाच्या पावसात कांदा सापडण्याची भीती असते.

५.२ महिनावार आलेखाचा धोका : हीच माहिती चार आठवड्यांच्या एका स्तंभात मांडली, तर चित्र पालटते. चार आठवड्यांची क्षमता २,०१६ तास आणि लागवडीची गरज १,६८० तास. म्हणजे टंचाई नाहीच! काढणीतही केवळ ८४ तास कमी पडताना दिसतात. प्रत्यक्षात दोन आठवडे टोळी अपुरी आणि पुढचे दोन आठवडे ती बसून, अशी स्थिती असते. लांब कालखंडाचा स्तंभ आतील चढउतार झाकून टाकतो. म्हणून शेतीकामासाठी आठवडा हेच माप योग्य ठरते.

५.३ दुसरा बेत : लागवड चार आठवड्यांत विभागल्यास प्रत्येक आठवड्याला ४२० तास लागतात व बारा जणींची टोळी पुरते. खुरपणी सहाव्या ते नवव्या आठवड्यात २१० तासांप्रमाणे विभागली जाते. काढणी सतराव्या ते विसाव्या आठवड्यात प्रत्येकी ५२५ तास मागते. येथे २१ तास, म्हणजे आठवड्याला तीन श्रमदिन कमी पडतात. तेवढे पाच कुटुंबांतील माणसे भरून काढू शकतात. मात्र एप्रिलच्या उन्हामुळे दिवसाचे काम ६ तासांवर आले, तर क्षमता ४३२ तासांपर्यंत घसरते आणि चार आठवड्यांचे काम जवळजवळ पाच आठवड्यांवर जाते. हे आधी कळले, तर त्या काळासाठी टोळी वाढविण्याची बोलणी करता येतात.

दुसऱ्या बेताची खरी अट वेगळीच आहे. लागवड चार टप्प्यांत करावयाची, तर रोपेही चार टप्प्यांतच तयार झाली पाहिजेत. त्यासाठी रोपवाटिकेची पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चार हप्त्यांत करावी लागते. डिसेंबरात टंचाई जाणवल्यावर आलेख काढून उपयोग नाही. तेव्हा रोपे एकदमच लावणीला आलेली असतात. आलेख ऑक्टोबरात, बी वाफ्यावर पडण्यापूर्वी, पाहिला पाहिजे. शिवाय कोणाचे रोप आधी व कोणाचे नंतर, हे पाच कुटुंबांनी एकत्र बसून ठरवावे लागते. संगणक टंचाई दाखवील. पाळी ठरविण्याचे काम माणसांचेच आहे.

५.४ साचत जाणारी बेरीज : आठवडावार तास क्रमाने मिळवत गेल्यास दुसरी रेषा मिळते. दुसऱ्या बेतानुसार अठराव्या आठवड्याअखेर ३,५७० तासांचे काम अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ३,३०० तासांचेच काम झाले असेल, तर २७० तासांची पिछाडी, म्हणजे टोळीच्या अर्ध्या आठवड्याहून थोडे अधिक काम बाकी आहे, असा अर्थ निघतो.

६. आलेखाची दुसरी बाजू : रिकामे आठवडे

आतापर्यंतचे वाचन शेतकऱ्याच्या बाजूने झाले. तोच आलेख मजुराच्या बाजूने वाचल्यास लक्ष स्तंभांवरून रिकाम्या जागांकडे जाते. दुसऱ्या, अधिक समतोल बेतातही पाचवा आठवडा आणि दहावा ते सोळावा आठवडा, म्हणजे १६ फेब्रुवारी ते ५ एप्रिल हा काळ शून्य तासांचा आहे. वीसपैकी आठ आठवडे कांद्यात मजुरी नाही. टोमॅटो, द्राक्षे व ऊस यांतील कामामुळे ही पोकळी काही अंशी भरते. परंतु किती भरते, हे त्या पिकांचे तास याच आलेखावर चढविल्यावरच समजेल.

ही पोकळी भरून काढण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर येथे रोजगाराचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने पुढील आर्थिक वर्षाचे श्रम अंदाजपत्रक दर डिसेंबरात तयार करण्याची जबाबदारी जिल्हा स्तरावर सोपविली. कामाचे प्रमाण ठरविताना एक तासाच्या विश्रांतीसह आठ तासांचा दिवस मानला गेला. हे अंदाजपत्रक म्हणजे एका अर्थी संपूर्ण जिल्ह्याच्या श्रमतासांची आखणीच होय.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण) अधिनियमात १२५ दिवसांच्या रोजगाराची हमी आहे. त्याचबरोबर पेरणी व कापणीच्या ऐन हंगामात मिळून ६० दिवस योजनेची कामे बंद ठेवण्याची आणि हा काळ राज्य शासनाने आगाऊ अधिसूचित करण्याची तरतूद आहे. निरनिराळ्या क्षेत्रांसाठी निरनिराळा काळ ठरविण्याची मुभाही त्यात आहे. शेतीला मजूर मिळावेत, हा या तरतुदीमागील हेतू आहे. त्यामुळे ‘कोणते साठ दिवस’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

वरील उदाहरणात लागवडीचे चार आणि काढणीचे चार असे आठ आठवडे, म्हणजे ५६ दिवस, ऐन घाईचे आहेत. पिंपळवंडीसारख्या गावाला डिसेंबर–जानेवारी व एप्रिल हे साठ दिवस सोयीचे वाटतील. परंतु पश्चिम भागातील भाताची लावणी जुलैच्या सुमारास व कापणी दिवाळीच्या आसपास असते. त्यांच्या घाईचे दिवस या साठात येतच नाहीत. उलट एप्रिल हा तेथे भातखाचरे दुरुस्त करण्याचा, बांध घालण्याचा काळ असतो. जुन्नर व आंबेगावच्या डोंगरी गावांत लोकांनी एकमेकांच्या शेतावर श्रम करून खाचरे बांधण्याची ‘पडकई’ ही जुनी रीत आहे आणि पुढे शासनानेही तिला योजनेचे रूप दिले. हे काम पावसापूर्वीच करावे लागते. उन्हाळ्यात हिरडा गोळा करण्याचे कामही तेथे असते. संपूर्ण तालुक्यासाठी पूर्व भागाच्या सोयीचे साठ दिवस ठरले, तर डोंगरातील कुटुंबाला घराजवळचे काम नेमके त्याच काळात बंद होईल आणि कांद्याच्या शेतात उतरण्यावाचून पर्याय राहणार नाही. त्या वर्षी त्याचे खाचर दुरुस्तीवाचून राहील.

तालुका एकच असला, तरी आलेख दोन आहेत. ते एकमेकांवर ठेवून पाहिल्याखेरीज दोघांनाही न्याय देणारे वेळापत्रक तयार होणार नाही.

७. मर्यादा

प्रस्तुत उदाहरण एकाच पिकाचे असून त्यातील श्रमदिन गृहीत आहेत. श्रमतास सर्व मजुरांना समान मानतात. कामाचे कष्ट, वय, अनुभव तसेच स्त्री-पुरुष मजुरीतील तफावत आलेखात दिसत नाही. अवकाळी पाऊस व बाजारभाव यांमुळे वेळापत्रक बदलते. म्हणून आलेख दर आठवड्याला सुधारून घ्यावा लागतो.

८. निष्कर्ष

१) हंगामातील एकूण श्रमतास पुरेसे असणे आणि प्रत्येक आठवड्यात ते पुरेसे असणे या भिन्न बाबी आहेत.
२) महिनावार आलेखात टंचाई झाकली जाते, आठवडावार आलेखात ती उघड होते.
३) दिनदर्शिका स्थानिक कामाच्या वेळेप्रमाणे न बदलल्यास संगणकीय आलेख दिशाभूल करतो.
४) कांद्याच्या बाबतीत टंचाईवरील उपाय लागवडीच्या वेळी नव्हे, तर रोपवाटिकेच्या वेळी करावा लागतो.
५) शेतकऱ्याची मजूरटंचाई व मजुराची बेकारी या एकाच आलेखाच्या दोन बाजू आहेत.

९. सूचना

शेतकरी गटांनी सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये एकत्रित पेरणीपत्रक तयार करून त्याचा श्रमतास-आलेख काढावा. ग्रामपंचायतींनी प्रमुख पिकांचे आठवडावार तास एकत्र करून ते ग्रामसभेपुढे ठेवावेत. या कामात परिसरातील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांचे साहाय्य घेता येईल. रोजगार हमीची कामे बंद ठेवण्याचा काळ ठरविताना तालुका हा घटक न मानता पूर्वेकडील बागायती गावे व पश्चिमेकडील भातपट्टा यांचा स्वतंत्र विचार व्हावा. आलेखातील उंच स्तंभांइतकेच त्यातील रिकामे आठवडेही नियोजनकारांनी विचारात घेतले, तर कांदाही वेळेत निघेल आणि खाचरेही पावसापूर्वी बांधून होतील.